वाईनमधली साखर जिभेने मोजताना

सोव्हिन्यॉ ब्लाँ या पांढऱ्या वाईनची एक बाटली, पन्नास ग्रॅम साखर, औषधाची सिरिंज, दोन लिंबं आणि थोडा काळा चहा. वाईनमधली गोडी ओळखायला शिकायचं तर आधी एवढंच लागतं. जेवणाची पाळी नंतर. बाटली मात्र पाहून घ्यायची. लेबलवर ‘ड्राय’ लिहिलेलं हवं, अल्कोहोल साडेबारा-तेरा टक्के हवं आणि तोडणीचं वर्ष फार मागचं नको. भर उन्हाळ्यात दुकानाच्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. उष्णतेने त्यातला ताजा फळाचा वास गेलेला असतो, आणि वास गेला की पुढचा अर्धा प्रयोगच फसतो.

आम्ही पाच-सहा जणांना एका टेबलाशी बसवतो आणि सुरुवातीला एकच प्रश्न विचारतो: ड्राय म्हणजे कशी? उत्तरं ठरलेली. कोणी म्हणतं आंबट, कोणी म्हणतं तोंड कोरडं पाडणारी, कोणाच्या मते कडक, तर कोणाच्या मते फळांचा वास नसलेली. या चारही गोष्टी वाईनमध्ये खऱ्याच असतात, पण त्यातली एकही ड्राय नव्हे. यीस्टने द्राक्षरसातली साखर जवळपास सगळी संपवली असेल तर वाईन ड्राय, एवढाच त्याचा अर्थ.

हिशोब सोपा आहे. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का अल्कोहोल तयार होतं. रसात लिटरला २२० ग्रॅम साखर असली आणि यीस्टने ती पूर्ण खाल्ली, तर वाईन १३ टक्क्यांच्या आसपास येते. तोच रस ८ टक्क्यांवर थांबवला तर ८५ ग्रॅमच्या आसपास साखर उरते आणि वाईन चांगलीच गोड लागते. म्हणून लेबलवर गोडीबद्दल काही छापलेलं नसलं तरी अल्कोहोलचा आकडा बराचसा सुगावा देतो. तेरा-चौदा टक्क्यांची साधी टेबल वाईन बहुधा ड्राय निघते. पाच-साडेपाच टक्क्यांची इटालियन मोस्काटो दास्ती हमखास गोड असते. हा आडाखा पोर्टसारख्या वाईनला लागू पडत नाही, कारण तिथे आंबवणं अर्ध्यावर असताना वरून द्राक्षाचं ७७ टक्क्यांचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, साखर राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं.

युरोपीय संघाच्या नियमांत लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाईन ड्राय धरतात. आम्ल भरपूर असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत वाढते. त्यापुढे १२ पर्यंत मीडियम ड्राय, ४५ पर्यंत मध्यम गोड आणि त्यावर गोड. आकडे सांगून झाले की लोक माना डोलावतात. जिभेला त्यातलं काय कळतं हे मात्र ग्लासात पाहायचं.

पन्नास ग्रॅम साखर साठ मिली गरम पाण्यात विरघळवायची, पाक गार होऊ द्यायचा आणि साधं पाणी घालून एकूण १०० मिली करायचा. आता दर मिलीत अर्धा ग्रॅम साखर आली. पाच सारखे ग्लास घेऊन प्रत्येकात १०० मिली वाईन मोजून ओतायची. पहिल्यात पाक नाही, दुसऱ्यात १ मिली, तिसऱ्यात २, चौथ्यात ५, पाचव्यात १२. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. पाचव्या ग्लासात बारा मिली द्रव जास्त गेल्याने ती वाईन पातळ झालेली असते; तिचं आम्ल आणि अल्कोहोलही उतरतं आणि तुलना खोटी ठरते. म्हणून बाकीच्या ग्लासांत साधं पाणी घालून प्रत्येकाची भर बारा मिलीच करायची. मग वाईनची स्वतःची एक-दोन ग्रॅम साखर सोडता वरची साखर लिटरला अनुक्रमे शून्य, साडेचार, नऊ, बावीस आणि चोपन्न ग्रॅम पडते. ग्लासाच्या बुडाखाली चिठ्ठी चिकटवायची आणि जागा बदलून ठेवायच्या. ग्लास मांडणाऱ्याने चाखायला बसायचं नाही.

आम्ही साडेचार ग्रॅमचा ग्लास फिरवला तेव्हा त्याला कोणीही गोड म्हटलं नाही. ‘ही जास्त गुळगुळीत आहे’, ‘हिच्यात पेरूचा वास जास्त येतो’, ‘ही महाग असणार’ असे शेरे आले. एवढी साखर गोडी म्हणून जाणवत नाही. ती आंबटपणाची धार मोडते आणि फळ पुढे आणते. बाजारात मोठ्या प्रमाणावर खपणाऱ्या कित्येक ‘ड्राय’ वाइन्समध्ये चार-सहा ग्रॅम साखर सोडलेली असते, त्यामागचं कारण हेच. नऊ ग्रॅमवर टेबलाचे दोन तट पडले. बावीसवर वाद उरला नाही. चोपन्नचा ग्लास नाकाशी नेण्याआधीच एक जण म्हणाला, ‘ही गोव्याची पोर्ट.’

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आपल्याकडे अनेकांची वाईनशी पहिली ओळख गोव्यातल्या त्या गोड लाल बाटलीने होते, आणि मग लाल वाईन गोडच असणार ही समजूत बरीच वर्षं पुसली जात नाही. पोर्तुगालमधल्या दोरू खोऱ्याची हद्द १७५६ साली आखली गेली. तिथल्या पोर्टशी या बाटलीचं नातं नावाचं आणि गोडीचं. ती पिऊन मजा येत असेल तर खुशाल प्यावी. फक्त तिच्या मापाने कॅबर्नेसारखी ड्राय लाल वाईन मोजू नये.

चौथ्या ग्लासात, म्हणजे बावीस ग्रॅमवाल्यात, चमचाभर लिंबाचा रस घालून तो पुन्हा फिरवला. पाच मिली लिंबूरसाने लिटरमागे अडीच ग्रॅमच्या आसपास आम्ल वाढतं. साखर होती तेवढीच होती, पण आता ग्लास गोडीच्या क्रमाने लावायला सांगितल्यावर बहुतेकांनी तो नऊ ग्रॅमच्या शेजारी नेऊन ठेवला. लिंबू सरबतात साखर जास्त झाली की आपण लिंबाने सावरतो, तीच ही गंमत. कोलाच्या लिटरभर बाटलीत शंभर ग्रॅमहून जास्त साखर असते आणि तरी ती पाकासारखी लागत नाही, कारण आम्ल तिला झाकून ठेवतं. त्यामुळे साखरेचा नुसता आकडा विचारून उपयोग नाही. त्याच्यासमोर आम्ल किती उभं आहे ते पाहायचं. रीसलिंग ही भरपूर आम्लाची पांढरी वाईन; इंटरनॅशनल रीसलिंग फाउंडेशनने तिच्या बाटलीच्या मागे छापायला जी पट्टी तयार केली, तीही साखर आणि आम्ल यांच्या गुणोत्तरावरच उभी आहे. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली चाळीस ग्रॅमची रीसलिंग हलकी आणि तरतरीत लागते. तेवढीच साखर कमी आम्लाच्या वाईनमध्ये चिकट वाटते.

आणखी एक बारकावा. आंबवताना यीस्ट आधी ग्लुकोज खातं, त्यामुळे वाईनमध्ये मागे राहते ती मुख्यतः फ्रुक्टोज, आणि ती आपल्या डब्यातल्या साखरेपेक्षा गोड असते. सिरिंजचा प्रयोग म्हणून खऱ्या वाईनपेक्षा किंचित कमी गोड दाखवतो. शिकण्यापुरता एवढा फरक चालून जातो.

थंडीचा परिणाम पाहायला वेगळी तयारी लागत नाही. पाचव्या ग्लासातली अर्धी वाईन तासभर फ्रीजमध्ये ठेवायची, अर्धी टेबलावर. पुण्या-मुंबईच्या खोलीत तीस अंशांवर ती सरबतासारखी जड लागते. आठ अंशांवर तीच चटपटीत. थंडीने गोडी दबते, पण आम्ल आणि तुरटपणा उठून दिसतो. म्हणून गोड वाईन चांगली गार, सहा ते आठ अंशांवर द्यावी. पांढरी ड्राय आठ ते दहावर, म्हणजे फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांनी. लाल वाईनला ‘रूम टेंपरेचर’ असं जे म्हणतात ती खोली युरोपातल्या थंड घराची, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे लाल बाटलीसुद्धा उघडण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये गेली पाहिजे. नाहीतर नाकाला अल्कोहोलच तेवढं झोंबतं, आणि ‘रेड आपल्याला सोसत नाही’ असा निकाल लागतो.

मग नाक. यासाठी व्हिओनिएसारखी सुगंधी ड्राय वाईन चांगली; नाशिकच्या सुला वाईनरीच्या दिंडोरी रिझर्व्ह मालिकेत ती मिळते. ग्लास हुंगला की जर्दाळू, पीच, पिवळी फुलं असा घमघमाट येतो आणि मेंदू गोडाची तयारी करून बसतो. आता नाक चिमटीत धरून घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि गिळायचा. फळ नाहीसं होतं. उरतं ते थोडं आंबट, थोडं कडू, थोडं उष्ण. नाक बंद असतानाही जी गोडी टिकते ती साखरेची. जी जाते ती वासाची होती. यात एकच फसगत होऊ शकते: चौदा टक्क्यांच्या वाईनमध्ये अल्कोहोल स्वतःच किंचित गोडसर लागतं. पण त्या गोडीमागून घशाशी ऊब येते, साखरेची गोडी जिभेवरच थांबते. दोन-चार वेळा लक्ष देऊन पाहिलं की हे वेगळं कळू लागतं.

चहा शेवटी ठेवायचा. दोन चमचे साधी चहापत्ती कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं पडू द्यायची, गाळायची, गार करायची. घोट घेतला की गालांच्या आतली बाजू आणि हिरड्या खरखरीत होतात. हा टॅनिनचा तुरटपणा. तो लाळेतल्या प्रथिनांना धरतो आणि तोंडातला ओलावा गेल्यासारखं वाटतं. आता त्याच चहात दोन चमचे साखर ढवळायची. चहा गोड होतो आणि तरीही हिरड्या धरतोच. तोंड कोरडं पडणं आणि साखर नसणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे समजवायला याहून सोपी वाट नाही. लाल वाईनमध्ये टॅनिन सालींतून, बियांतून आणि कधी ओकच्या पिंपातून येतं. म्हणून गोड लाल वाईनही तोंड कोरडं करू शकते आणि साखरेचा कण नसलेली पांढरी वाईन अजिबात करत नाही.

फसवणारी लेबलं खरी सापडतात ती बुडबुड्यांच्या वाईनमध्ये. ‘ब्रुट’ म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ऐकून वाटतं ती याहून कोरडी असेल; प्रत्यक्षात तिच्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते. नुसती ‘ड्राय’ किंवा ‘सेक’ १७ ते ३२, ‘देमी-सेक’ ३२ ते ५०. खरी कोरडी हवी तर ‘एक्स्ट्रा ब्रुट’ किंवा ‘ब्रुट नेचर’ शोधायची.

इतकं झालं की ताट मांडायचं. तीन बाटल्या पुरतात: तीच ड्राय सोव्हिन्यॉ, थोडी साखर सोडलेली पांढरी शेनिन ब्लाँ आणि चांगली तुरट लाल कॅबर्ने किंवा शिराझ. ताटात आधी भाज्या-आमट्या नकोतच. मीठ लावलेली काकडी, लिंबाची फोड, गुळाचा खडा, वाफवलेल्या अळिंबीचे बिनमसाल्याचे तुकडे आणि सर्वांत शेवटी भाकरीच्या तुकड्यावर ठेचा. क्रम पाळायचा, कारण ठेच्यानंतर बराच वेळ जीभ दुसरं काही ऐकत नाही. पद्धत अशी: एक घोट वाईन, मग घास, घास पूर्ण गिळून पुन्हा घोट. दुसऱ्या घोटात काय बदललं तेवढंच लिहायचं. मधे साध्या पोळीचा तुकडा आणि पाणी.

मिठानंतर कॅबर्ने मऊ झाली, तिचा तुरटपणा उतरला. लिंबानंतर सोव्हिन्यॉचा आंबटपणा गेला आणि ती एकदम गोडसर, फळाळ लागली. शेनिन मात्र थोडी सपाट झाली. गुळाने तिन्हींची परीक्षा घेतली. सोव्हिन्यॉ लिंबाच्या पाण्यासारखी पातळ आणि आंबट, कॅबर्ने कडू आणि खरखरीत, शेनिन तेवढी जेमतेम तग धरून. अळिंबीमागे कॅबर्नेला धातूसारखा कडवटपणा आला. हा उमामीचा, म्हणजे अळिंबीतल्या मांसल चवीचा प्रताप, आणि त्याच अळिंबीवर मीठ व लिंबू टाकल्यावर तो बराचसा गेला. ठेच्यावर चौदा टक्क्यांची शिराझ म्हणजे आगीत तेल. तोंडातल्या ज्या ग्राही केंद्रांना मिरचीचं कॅप्सेसिन चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही संवेदनशील करतं. गार शेनिनने आग विझली नाही, पण वाढलीही नाही.

वाईन आणि जेवण जुळवण्याचं जवळजवळ सगळं शहाणपण या ताटात आहे. खारट आणि आंबट पदार्थ वाईनला मदत करतात. गोड, तिखट आणि उमामी तिला अडचणीत आणतात. ‘मटणाला लाल, माशाला पांढरी’ हा नियम युरोपच्या जेवणातून आला. तिथे मटणावर मीठ असतं आणि जोडीला फारसं काही नसतं. आपल्याकडे मटण हा पदार्थ नव्हेच; मटणाभोवतीचं वाटण हा पदार्थ. तेव्हा जुळवायचं ते वाटणाशी.

अळूवडी घ्या. बेसनात चिंच, गूळ, तिखट, मीठ. वाफवून तळलेली, वर तीळ. सोव्हिन्यॉबरोबर पहिला घोट बरा लागतो कारण चिंच आधी बोलते. दुसऱ्या घासाला गूळ जिभेवर बसतो आणि वाईन उघडी पडते. शेनिनमध्ये दहा-पंधरा ग्रॅम साखर असेल तर गुळाची आणि तिची बरोबरी होते, चिंचेला तिचं आम्ल पुरं पडतं आणि तेल धुऊन निघतं. शेनिनचं मूळ गाव फ्रान्समधलं ल्वार खोरं. तिथे वूव्रेमध्ये ही एकच जात सेक, देमी-सेक आणि गोड अशा सगळ्या पायऱ्यांवर बनवतात, आणि कुठल्याही पायरीवर तिचं आम्ल टिकून राहतं. नाशिकच्या उन्हातही ती हा गुण बऱ्यापैकी राखते. चिंच-गुळाची आमटी, भरली वांगी, गोडा मसाला घातलेली मटकीची उसळ, जिथे जिथे गूळ आहे तिथे कडकडीत ड्राय वाईन नको, असं आमचं पक्कं मत आहे. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचं कूट आणि खोबरं असतं, तिथे किंचित गोड रोझे, म्हणजे गुलाबी वाईनही चांगली चालते.

गूळ नसलेल्या पदार्थांना ड्राय बाटल्या ठेवाव्यात. रव्यात घोळून तळलेली सुरमई, वर लिंबू: याला सोव्हिन्यॉ किंवा ब्रुट. कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, चकली, खारे शेंगदाणे यांना ब्रुटइतकं काहीच छान लागत नाही. मीठ, तेल आणि बुडबुडे यांचं जमतंच. दिंडोरीला शँडनची ब्रुट बनते, ती इथे हुकमी. बांगडा आणि बोंबील मात्र लाल वाईनबरोबर घेऊ नयेत. तोंडात राहणाऱ्या हिवस वासाचं कारण टॅनिन समजत असत; २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की त्यामागे लाल वाईनमधलं लोह आहे. लोहाचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं, म्हणून एखादी लाल वाईन माशाबरोबर चालून जाते आणि दुसरी अजिबात नाही. लेबलवर लोह छापलेलं नसतं, तेव्हा जुगार न खेळलेला बरा.

तांबड्या रश्श्याला शिराझ देण्याची पद्धत हॉटेलांतून फार दिसते. रंग जुळतो, बाकी काही जुळत नाही. तिखट, तेल, उकळता रस्सा आणि चौदा टक्के अल्कोहोल एकत्र आले की वाईनमध्ये फळ उरत नाही, जाळ उरतो. तिखटासाठी आमचा हिशोब असा: अल्कोहोल बाराच्या आत, साखर पंधरा ते तीस ग्रॅम, टॅनिन शून्याच्या जवळ आणि बाटली चांगली गार. थोडी गोड रीसलिंग या मापात बसते. बुडबुड्यांची वाईन इथे टाळावी. बुडबुडे तिखटाने हुळहुळलेल्या तोंडाला वेगळे टोचतात. पांढऱ्या रश्श्यात खसखस, काजू आणि नारळाचं दूध असतं, त्याला शेनिन छान. शिराझ खुशाल सुक्या मटणाला द्यावी, तेही खोबरं-कांद्याचं वाटण असलेल्या आणि मिरचीचा हात आवरलेल्या. चरबी आणि मीठ टॅनिनला वठणीवर आणतात. गोव्याच्या विंदालूत व्हिनेगर असतं. कमी आम्लाची वाईन त्यापुढे पाण्यासारखी होते, म्हणून तिथेही आम्लाची रीसलिंगच. मिसळीला ताक. त्यात वाईनने नाक खुपसायचं कारण नाही.

गोड पदार्थांना ‘वाईन पदार्थाहून गोड हवी’ असा नियम सांगतात. तो बरोबरच आहे, पण आपल्या पक्वान्नांपुढे टिकत नाही. पुरणपोळीत डाळीला जवळजवळ तेवढाच गूळ जातो. नाशिकची लेट हार्वेस्ट शेनिन (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन), सुलाची किंवा रेव्हेलोची, पुरणासमोर आंबट लागते. हंगेरीच्या तोकाई आसूला लिटरला किमान १२० ग्रॅम साखर लागते, ती वाईनसुद्धा इथे कशीबशी उभी राहते. श्रीखंडाचं तर नावच नको, आंबट आणि गोड दोन्ही टोकं तेच बळकावून बसतं. लेट हार्वेस्टची मजा मिठाबरोबर आहे. फ्रान्समध्ये सोटर्न या गोड वाईनबरोबर रोकफोरसारखं खारं निळं चीज खातात. आपल्या टेबलावर मीठ लावलेले भाजके काजू किंवा जाडी शेव तेच काम करतात. गोड वाईन नवशिक्यांची, असं नाक मुरडणाऱ्यांनी एकदा हे खाऊन पाहावं. अशी वाईन बनवणं जोखमीचं असतं. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवायची म्हणजे पाखरांना आमंत्रण, आणि नाशिकला फेब्रुवारी-मार्चची गारपीट एका दुपारी सगळं झोडपून जाते. सुकलेल्या घडातून रसही थोडाच निघतो, म्हणून ती बहुधा ३७५ मिलीच्या लहान बाटलीत येते.

गोड वाईन घेताना आणखी एक पाहायचं. साखर शिल्लक ठेवून आंबवणं थांबवलं असेल, तर वाईन गार करून यीस्ट बारीक गाळणीतून काढलेलं असतं आणि जोडीला सल्फर डायऑक्साइड असतं. गाळण नीट झालं नसेल आणि बाटली उन्हात किंवा तापलेल्या गाडीच्या डिकीत राहिली, तर उरलेल्या यीस्टला साखर सापडते आणि बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होतं. बूच वर सरकलेलं, तोंडाशी चिकट ओघळ किंवा बुडबुड्यांची नसलेली वाईन जिभेवर चुरचुरणारी, ही त्याची लक्षणं. अशी बाटली परत करावी.

उरलेल्या ड्राय पांढऱ्या वाईनला झाकण घट्ट लावून ती फ्रीजमध्ये ठेवावी, तीन दिवसांत संपवावी. लाल वाईनही फ्रीजमध्येच, तीन-चार दिवस. लेट हार्वेस्ट आठवडाभर आरामात टिकते, खरी पोर्ट त्याहून जास्त. पाक आणि लिंबू घातलेले ग्लास बाटलीत परत ओतायचे नाहीत. ते एकत्र करून त्यात सोडा, पुदिना आणि बर्फ घातला की टेबल आवरेपर्यंत संपतात.